गोळी बंद झाली, तक्रार राहिली

मे २०२५ मध्ये युरोपियन मेडिसिन्स एजन्सीच्या औषधसुरक्षा समितीने फिनास्टेराइड या औषधाबद्दलचा आपला निष्कर्ष जाहीर केला. केस गळू नयेत म्हणून तरुण पुरुष घेतात ती एक मिलिग्रॅमची गोळी आणि प्रोस्टेट वाढलेल्या ज्येष्ठांना दिली जाते ती पाच मिलिग्रॅमची गोळी, या दोन्हींमुळे काही जणांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊ शकतात, हे समितीने दुष्परिणाम म्हणून मान्य केले. समितीपुढे फिनास्टेराइडशी संबंधित अशा ३१३ नोंदी होत्या. औषधाचा एकूण वापर मात्र अंदाजे २७ कोटी रुग्णवर्षांचा, म्हणजे एका माणसाने एक वर्ष गोळी घेतली की एक रुग्णवर्ष, या हिशेबाने. तेव्हा ही गोष्ट क्वचित घडणारी आहे आणि कोणी घाबरून जावे असे मला अजिबात सुचवायचे नाही.

पण त्या निर्णयातला एक मुद्दा मी दोनदा वाचला. कामेच्छा कमी होणे, ताठरता न येणे अशा लैंगिक तक्रारींमुळे काही रुग्णांची मनःस्थिती ढासळते, अगदी आत्महत्येच्या विचारांपर्यंत, म्हणून अशी तक्रार जाणवताच डॉक्टरांना भेटा, ही सूचना एक मिलिग्रॅमच्या गोळीसोबत द्यावी आणि खोक्यात तसे एक कार्डही घालावे, असे समितीने म्हटले आहे. लैंगिक दुष्परिणाम ही ‘चैनीची’ तक्रार नाही, ती जिवावर बेतू शकते, हे एका नियामक संस्थेने कागदावर आणले. आमच्या ओपीडीत अजून ते कोणी तोंडाने उच्चारतही नाही.

फिनास्टेराइड एकटे नाही. गोळी बंद केल्यावरही लैंगिक दुष्परिणाम टिकल्याच्या नोंदींचा उल्लेख अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधाच्या माहितीपत्रकात २०१२ मध्येच करायला लावला होता. नैराश्य आणि चिंताविकारासाठी सर्वाधिक दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या (एसिटालोप्राम, फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन ही त्यातली आपल्याकडची ओळखीची नावे) आणि त्यांच्या जवळच्या गटातल्या व्हेन्लाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन यांच्याबाबतही युरोपच्या याच समितीने २०१९ मध्ये तसाच इशारा छापायला सांगितला. कॅनडाने २०२१ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये तेच केले. मुरमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनबाबत ब्रिटनने २०२३ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. गोळी सुरू करण्यापूर्वी मानसिक आणि लैंगिक दुष्परिणामांविषयी रुग्णाशी बोलणे तिथे आता उपचारपद्धतीचाच भाग आहे. म्हणजे इशारा नुसता छापून भागत नाही, तो कोणीतरी समोर बसून सांगावा लागतो, हे तिथे मान्य झाले.

इथे मला माझीच एक चूक सांगायला हवी. साधारण पंधरा वर्षांपूर्वी मी ज्या सरकारी रुग्णालयात होतो तिथे तिशीच्या आतला एक तरुण आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) केसपेपरवर ‘अशक्तपणा’ लिहिलेले. आमच्याकडे पुरुष लैंगिक तक्रार घेऊन येतो तेव्हा तो कधीच तसे म्हणत नाही. ‘वीकनेस आहे, ताकदीची सुई द्या’ म्हणतो. साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सगळे व्यवस्थित. मी चिठ्ठी लिहू लागलो तेव्हा तो खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाला, ‘‘साहेब, आठ महिने घाबरेपणाच्या गोळ्या घेतल्या. बंद करून वर्ष झालं. तेव्हापासून तिथं हात लावला तर कळतं, पण काही वाटत नाही. कोपराला हात लावल्यासारखं.’’

मी म्हणालो, ‘‘टेन्शन घेऊ नका. मनाचं आहे सगळं. लग्न करा, आपोआप ठीक होईल.’’

माझ्या मागे परिचारिका उभी होती, दारात पुढचे चार रुग्ण वाकून बघत होते. तो उठून गेला, परत आला नाही. त्या वेळी अशा रुग्णांची वर्णने वैद्यकीय नियतकालिकांत येऊन काही वर्षे झाली होती. पहिली २००६ च्या सुमाराची आहेत. मी ती वाचलेली नव्हती. पण न वाचणे ही माझी मोठी चूक नव्हेच. एक माणूस आपल्याच शरीराबद्दल नेमके काहीतरी सांगत होता आणि मी त्याला खोटे पाडले, ती खरी चूक.

कोपराची ती उपमा वैद्यकीयदृष्ट्या किती अचूक होती हे मला पुढे कळले. औषध घेत असताना कामेच्छा घटणे, वीर्यस्खलनाला उशीर होणे, स्त्रियांमध्ये ओलावा कमी होणे हे एसएसआरआयचे नेहमीचे परिणाम आहेत आणि बहुतेकांमध्ये गोळी बंद झाल्यावर ते जातात. थोड्या लोकांमध्ये जात नाहीत. त्यांच्यात जे चित्र दिसते त्याचे ठळक लक्षण म्हणजे जननेंद्रियाची बधिरता. स्पर्श समजतो, त्यातली कामसंवेदना समजत नाही. ऑरगॅझम येतच नाही, किंवा येतो तो केवळ स्नायूंचा झटका म्हणून, सुखाविना. काहींना भावनाही बोथट झाल्यासारख्या वाटतात. नैराश्यामुळे कामेच्छा जाते हे खरे, पण नैराश्याने त्वचा बधिर होत नाही. म्हणूनच २०२२ मध्ये काही तज्ज्ञांनी या अवस्थेच्या निदानाचे निकष मांडले तेव्हा जननेंद्रियाच्या संवेदनेतला बदल आणि गोळी बंद केल्यावर तीन महिन्यांनंतरही तो टिकणे, या दोन गोष्टींना मध्यवर्ती स्थान दिले.

यात एक गंमत आहे, कडवट. शीघ्रपतनाच्या रुग्णाला आम्ही याच गटातली पॅरोक्सेटिन किंवा डॅपोक्सेटिन देतो, कारण या गोळ्या तिथली संवेदना मंदावतात आणि स्खलन लांबवतात. म्हणजे एका रुग्णात ज्या परिणामाला आम्ही उपचार म्हणतो, तोच परिणाम दुसऱ्याने तक्रार म्हणून सांगितला की त्याला मनाचे खेळ म्हणतो.

किती जणांना होते? इस्रायलमधल्या १२,३०२ पुरुषांच्या नोंदी तपासून २०२३ मध्ये एका अभ्यासाने अंदाज बांधला, ०.४६ टक्के, म्हणजे साधारण २१६ मध्ये एक. मोजणी आडवाटेची होती. नैराश्याची गोळी थांबल्यावर ज्यांना ताठरतेची औषधे लिहून द्यावी लागली, त्यांच्यावरून काढलेली. ज्याने लाजेने ती मागितलीच नाहीत तो या आकड्यात नाही, ताठरता येते पण संवेदना नाही असा पुरुष नाही, आणि स्त्रिया तर नाहीतच. तेव्हा हा आकडा धरून बसण्यापेक्षा मला स्पेनमधला १९९७ चा जुना अभ्यास अधिक बोलका वाटतो. या गोळ्या घेणाऱ्या ३४४ रुग्णांपैकी स्वतःहून लैंगिक तक्रार सांगणारे १४ टक्के निघाले. डॉक्टरांनी थेट विचारल्यावर ते प्रमाण ५८ टक्के झाले. तो स्पेन होता. आमच्या ओपीडीत एका टेबलाभोवती तीन रुग्ण उभे असतात, सासू सुनेची तक्रार सांगते आणि मुलगा वडिलांची. इथे न विचारता सांगणारे किती असतील?

शिवाय आपल्याकडे एक अगदी साधी अडचण आहे, तिचा विचार युरोपातल्या समितीला करावा लागत नाही. माहितीपत्रक असते खोक्यात. खोके राहते औषधाच्या दुकानात. रुग्णाला मिळते ती कात्रीने कापलेली पाच गोळ्यांची पट्टी, कागदी पाकिटात, वर पेनने सकाळ-संध्याकाळच्या रेघा. सरकारी रुग्णालयाच्या औषध खिडकीवर तर खोक्याचा प्रश्नच येत नाही. पत्रक हाती पडले तरी ते मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत. त्यामुळे युरोपने इशारा छापला, कार्ड घातले, ते इथल्या रुग्णाच्या बाबतीत निरुपयोगी आहे. गोळी देणाऱ्याने तोंडाने सांगितले तेवढाच इशारा त्याला मिळतो.

मग सांगायचे का? माझे काही सहकारी म्हणतात, नको. नैराश्याचा रुग्ण आधीच गोळीला घाबरतो, त्यात हे सांगितले तर तो घेणारच नाही. दुसरे म्हणणे असे की सांगितल्यानेच तक्रारी वाढतात. हे दुसरे म्हणणे हवेतले नाही. फिनास्टेराइडच्याच एका इटालियन अभ्यासात (२००७) ज्यांना लैंगिक दुष्परिणामांची आगाऊ कल्पना दिली त्यांच्यापैकी ४३.६ टक्क्यांनी अशी तक्रार केली, ज्यांना दिली नाही त्यांच्यापैकी १५.३ टक्क्यांनी. अपेक्षेचा शरीरावर परिणाम होतो, आणि कामक्रीडेवर तर सर्वांत आधी होतो. तरीही मी सांगण्याच्या बाजूचा आहे. न सांगण्याची किंमत मी पाहिली आहे. ज्याला आधी सांगितलेले नसते तो तक्रार सुरू झाल्यावर दोनपैकी एक करतो. एक तर कोणालाही न विचारता गोळी एकदम सोडतो, मग चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके आणि मूळ आजाराची उलटी खेप. किंवा गोळी चालू ठेवून गप्प बसतो आणि बायकोपासून तोंड लपवतो.

आता मी गोळी लिहिताना एवढेच बोलतो : ‘‘या गोळीने काही जणांची इच्छा कमी होते किंवा संबंधात फरक पडतो. बहुतेकांचं नंतर पूर्ववत होतं, फार थोड्यांचं होत नाही. असं काही जाणवलं तर गोळी स्वतःहून सोडू नका, पण मला येऊन सांगा. गोळी बदलता येते, डोस कमी करता येतो.’’ अर्धा मिनिट लागतो. हे ऐकून गोळी नाकारणारे मला फार भेटले नाहीत. पुढच्या खेपेला ‘‘ते तुम्ही म्हणाला होतात ना, तसं...’’ असे म्हणत बोलायला सुरुवात करणारे मात्र बरेच भेटले. एक वाक्य बदलायलाही मला वेळ लागला. पूर्वी मी ‘लैंगिक दुष्परिणाम’ म्हणायचो. समोरच्याला ते कळायचे नाही, कळले तर तो अवघडायचा. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ काढले, त्याला शंभर वर्षे व्हायला आली, तरी नवरा-बायकोच्या संबंधांविषयी डॉक्टरने रुग्णाशी सरळ मराठीत कसे बोलावे हे आमच्या वैद्यकीय शिक्षणात आम्हाला कोणी शिकवले नाही.

हे झाले गोळीआधीचे बोलणे. ज्याची गोळी थांबूनही तक्रार टिकली आहे त्याचे काय? त्याच्यासाठी सिद्ध झालेले औषध आज नाही. सिल्डेनाफिलने रक्तप्रवाह वाढतो, ताठरता सुधारू शकते, गेलेली संवेदना त्याने येत नाही. काही जण महिन्यांनी, वर्षांनी आपोआप सुधारतात, काही नाही. मग डॉक्टर हात वर करतो आणि म्हणतो, ‘‘समुपदेशकाकडे जा.’’ रुग्णाला ऐकू येते, ‘‘मनाचं आहे.’’ समुपदेशनाची गाडी पहिल्याच स्थानकावर अडते ती इथे.

म्हणून पाठवतानाच स्पष्ट करावे लागते की तक्रार खरी आहे, ती औषधानंतर आली आहे, आणि समुपदेशन तिच्यावरचा उतारा म्हणून नव्हे तर ती सोबत असताना जगायचे कसे यासाठी आहे. मधुमेहात पाय गमावलेल्याला आम्ही समुपदेशन देतो तेव्हा पाय होता की नव्हता यावर वाद घालत नाही. त्याआधी बाकीची कारणे नीट तपासलेली हवीत, ही माझ्यासारख्या फिजिशियनची जबाबदारी आहे. साखर, थायरॉइड, टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन, रक्तदाबाच्या चालू गोळ्या, दारू, तंबाखू, आणि नैराश्य पुन्हा डोके वर काढते आहे का हेही. यातले काही सापडले तर ते सुधारता येते, आणि रुग्णाला आपल्याला गांभीर्याने घेतले असे वाटते ते वेगळेच. जे सापडले ते केसपेपरवर औषधाच्या नावासह, सुरू आणि बंद केल्याच्या तारखांसह लिहावे. माझ्या अनुभवात त्या लिहिण्याचाच रुग्णाला पहिला आधार वाटतो. आमच्याकडचा एक रुग्ण तो कागद लॅमिनेट करून घेऊन आला होता.

समुपदेशकाच्या खोलीत पुढे जे घडते ते सरधोपट नसते. विवाहितांमध्ये बहुतेकदा बायकोने आपल्यापुरते उत्तर शोधलेले असते. बाहेर कोणीतरी असणार, किंवा मी आवडेनाशी झाले. मूल नसेल तर घरच्यांनी तिसरेच उत्तर शोधून तिलाच तपासण्यांना पाठवलेले असते. ‘हा गोळीचा परिणाम आहे’ हे वाक्य तिने त्रयस्थाच्या तोंडून ऐकले की नवऱ्याची तक्रार तसूभरही कमी होत नाही, पण घरातली हवा बदलते. मात्र तिला बोलवायचे ते रुग्णाच्या संमतीनेच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने उपचारातली गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे, आणि तो सख्ख्या भावाच्या चौकशीलाही लागू आहे.

जोडप्यांच्या लैंगिक समुपदेशनात स्पर्शाचे सराव शिकवले जातात. घाई न करता, संभोगाचे उद्दिष्ट न ठेवता एकमेकांना स्पर्श करणे. ताणामुळे अडलेल्या जोडप्यात त्याचा चांगला उपयोग होतो. पण जिथे संवेदनाच गेली आहे तिथे तोच सराव रोजची परीक्षा होऊन बसतो. ‘आज काही वाटलं का?’ आणि रोज नापास. हा फरक न कळणारा समुपदेशक अपाय करू शकतो. अशा जोडप्याशी बोलायचे ते काय परत येईल यावर नव्हे, तर आज काय शिल्लक आहे यावर. बधिरता तिथली आहे, पाठीची नाही, मानेची नाही, हातांची नाही. आणि जोडीदाराला सुख देता येते, त्याला स्वतःच्या सुखाची अट घालायची गरज नाही. हे बोलायला एक बैठक पुरत नाही. मधे पंधरा दिवस कोणीच कोणाशी बोलत नाही असेही होते.

अविवाहितांचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. घरात स्थळे बघणे चालू आहे, पत्रिका फिरते आहे, आणि मुलाला माहीत आहे. सांगावे का? कधी? कोणाला? मुलीकडच्या मामांना सांगितले तर ते गावभर होईल, न सांगता लग्न केले तर एका मुलीची फसवणूक होईल. मी माझे मत लपवत नाही. लग्न करणार तिला, फक्त तिला, होकाराआधी सांगावे असे मी म्हणतो. पण निर्णय त्याचा. त्याला घरच्यांकडून वेळ मागून घ्यायला मदत करणे हे समुपदेशकाचे खरे काम ठरते. ‘सध्या लग्न नको’ हे वाक्य कारण न देता घरात कसे टिकवायचे, याची तयारी करून घ्यावी लागते. हसू नका, आमच्याकडे याचीच तालीम दोन बैठका चालली होती.

स्त्रियांबद्दल लिहायला माझ्याकडे कमी आहे, आणि ती माझ्या ओपीडीची उणीव आहे. झोप नाही, छातीत धडधड, अंग दुखते म्हणून कितीतरी चाळिशीतल्या बायकांना या गोळ्या सुरू होतात. ‘‘इच्छा पूर्वीसारखी आहे का?’’ हा प्रश्न त्यांना पुरुष डॉक्टर विचारत नाही. एकदा आमच्या समुपदेशक बाईंनी विचारला. त्या रुग्ण म्हणाल्या, ‘‘इच्छेचं काय, ते त्यांचं असतं. पण मला स्वतःलाच काही कळत नाही आता, त्याचं वाईट वाटतं.’’

आणि एक पेच, ज्यातून मार्ग काढल्याशिवाय समुपदेशन पुरे होत नाही. ज्याचे हे झाले आहे त्याचा मूळ आजार परत आला तर? तो पुन्हा त्या गोळीला हात लावणार नाही, डॉक्टरलाही लावू देणार नाही. त्याचा राग समजण्यासारखा आहे. पण उपचाराविना नैराश्य त्याला मारू शकते. अशा वेळी संज्ञानात्मक वर्तन चिकित्सा, बुप्रोपिऑनसारखे लैंगिक परिणाम कमी असणारे औषध, नियमित भेटी, असा पर्यायी आराखडा आधीच ठरलेला हवा. आणि प्रत्येक भेटीत सरळ विचारायला हवे, ‘‘जीव द्यावासा वाटतो का?’’ विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. असलेला बाहेर येतो.

हे सगळे करणार कोण, हा रास्त प्रश्न आहे. मानसोपचारतज्ज्ञ मोजके, लैंगिक आजारांचे प्रशिक्षित तज्ज्ञ त्याहून मोजके आणि मोठ्या शहरांत. त्यांच्या गैरहजेरीत जागा कोणी भरली आहे हे एसटी स्टँडच्या भिंती वाचल्या की कळते. महामार्गाकडेच्या तंबूतले वैदू आणि ‘गुप्तरोग’ पाटीवाले याच रुग्णाचे महिन्याचे उत्पन्न एका पुडीत काढतात, वर ‘तरुणपणीच्या चुका’ हे निदान ऐकवून त्याला अपराधी करून सोडतात. पण सरकारी रुग्णालयांत एक जागा आहे जिथे माणसे लैंगिक आयुष्याबद्दल दार लावून, न लाजता, न ओरडता बोलायला शिकली आहेत. ती म्हणजे एचआयव्हीची एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रे. तिथले समुपदेशक निंदा न करता प्रश्न विचारतात, गुप्तता पाळतात, जोडीदाराला कसे सांगायचे याची तयारी करून घेतात. या कामाला लागणारे कौशल्य नेमके हेच. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवा कर्मचारी त्याच आवारात बसतात. या दोन गटांना चार दिवस एकत्र बसवून औषधांच्या लैंगिक दुष्परिणामांचे प्रशिक्षण द्यायला नवी इमारत लागत नाही, नवी पदे लागत नाहीत. एक परिपत्रक लागते. आमच्याकडे आम्ही अनौपचारिकपणे सुरुवात केली आहे, दर गुरुवारी दुपारी ती खोली रिकामी असते म्हणून. वरून आदेश नसल्याने केसपेपरवर शिक्का कोणत्या विभागाचा मारायचा, हे अजून ठरलेले नाही.

वाचकांपैकी कोणाला हा त्रास असेल तर काही कामाच्या गोष्टी. चालू गोळी स्वतःहून बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना भेटा. ते ऐकून घेत नसतील तर दुसऱ्या डॉक्टरांना भेटा. गोळी आधीच बंद झाली असेल आणि तक्रार तीन महिन्यांनंतरही टिकून असेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुन्या चिठ्ठ्या घेऊन जा. मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर थांबू नका, ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येते. शेवटचे, दुष्परिणामाची नोंद करा. भारताचा औषध दक्षता कार्यक्रम २०१० पासून सुरू आहे, त्याचे केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. रुग्णांनी स्वतः भरायचा त्यांचा फॉर्म मराठीतही आहे. १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर फोन करूनही नोंद होते, आणि अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत तिचे केंद्र असते. फॉर्म भरताना औषध कोणते, किती डोस, कधी सुरू केले हे सगळे जण लिहितात. बंद केल्याची तारीख आणि त्यानंतर तक्रार किती काळ राहिली हे लिहायचे राहून जाते. ते आवर्जून लिहा, कारण त्याशिवाय ही नोंद गोळी चालू असतानाच्या नेहमीच्या तक्रारींत जमा होते.